एका वर्षाचे दोन वर्ग

१९७५ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांतून एकाच वेळी दोन वर्ग बाहेर पडले. एक, जुन्या पद्धतीच्या अकरावी एस. एस. सी.चा शेवटचा वर्ग. आणि दुसरा, १०+२+३ या नव्या आकृतिबंधातील दहावीचा पहिला वर्ग. ज्या घरी दोन मुलांमध्ये वर्षा-दीड वर्षाचे अंतर होते, त्या घरात थोरला आणि धाकटा असे दोघेही एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसले. सांगलीच्या गणपती पेठेच्या मागील गल्लीत आमचे घर होते आणि त्या घरात असेच दोघे होतो. अण्णा अकरावीला, मी दहावीला.

या वर्षी त्या परीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्ताने फेब्रुवारीत दोन्ही वर्गांचा एकत्र मेळावा सांगलीस भरला. आम्ही नोकरीमुळे पुण्यास स्थायिक झालेले पाच-सहा जण दुपारच्या कोयना एक्स्प्रेसने निघालो. किर्लोस्करवाडी, भिलवडी ही स्थानके मागे पडू लागली, तसे डब्यातील संभाषण रक्तदाब आणि मधुमेहावरून हळूहळू शाळेकडे वळले. सांगलीचे आजचे स्थानक विश्रामबागेच्या बाजूस आहे. आमच्या लहानपणी मिरजेहून येणारी मीटरगेजची छोटी गाडी थेट गावात येत असे. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि गाडीने गाव सोडले. रिक्षाने गावात जाताना आमच्यातील एकाने चालकास 'जुन्या स्टेशनावरून घ्या' असे सांगितले. तो तरुण मुलगा गोंधळून पाहू लागला.

सांगली हे व्यापाऱ्यांचे गाव आहे. कृष्णेच्या काठचा गणपती, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे केलेला 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग आणि त्यामुळे मिळालेले नाट्यपंढरी हे नाव, या सर्वांचा अभिमान आम्हांस आहेच. तथापि गावाचे पोट हळद, गूळ आणि पुढे बेदाणा यांवर भरत आले. येथे हळदीचा वायदेबाजार होता. फेब्रुवारी उजाडला, की नव्या राजापुरी हळदीचे सौदे सुरू होतात आणि पेठेतून चालताना हवेतूनच तिचा वास नाकात शिरतो. यंदाही तो तसाच आला. बाजाराचे मोठे व्यवहार मार्केट यार्डात गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. गणपती पेठेत दुकाने आहेत, परंतु पांढऱ्या गाद्या आणि तक्के फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. काचेचे दरवाजे, संगणक आणि त्यामागे बसलेला नातू, असे आता दृश्य आहे.

आमच्या वर्गाची शालेय वर्षे म्हणजे १९७२ ते १९७५. आठवीत आम्ही प्रवेश केला त्या जूनमध्ये पाऊस आला नाही. त्या दुष्काळाची आठवण ज्यांना आहे, त्यांना रेशनवरील मिलो, म्हणजे तांबडी परदेशी ज्वारी, विसरणे शक्य नाही. आईने ती तीनदा चाळली आणि निवडली, तरी तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. जत आणि आटपाडीकडील मुले वसतिगृहात राहून आमच्या शाळेत शिकत. त्यांच्या घरची माणसे रस्त्याच्या आणि तलावांच्या कामांवर खडी फोडत होती. अशा एका मुलाला आमचे आप्पा दर शनिवारी घरी जेवायला बोलावीत. तो मुलगा पुढे पाटबंधारे खात्यात अभियंता झाला आणि मेळाव्यास आला होता. त्याने सर्वांसमोर आमच्या आईच्या हातच्या कढीची आठवण सांगितली. अण्णा खाली पाहत बसले.

नव्या अभ्यासक्रमाचा आमच्यावर जो पहिला परिणाम झाला तो विद्येचा नव्हता, खर्चाचा होता. व्यापारी घरात पुस्तके थोरल्याकडून धाकट्याकडे जातात, हा अलिखित नियम. नव्या कव्हरात घातलेली जुनी पुस्तके घेऊन मी सातवीपर्यंत शिकलो. आठवीपासून मात्र अण्णांचे एकही पुस्तक मला चालेना. त्यांच्याकडे जुने बीजगणित, माझ्याकडे 'संच' आणि 'संचाचे घटक'. त्यांना विषय निवडण्यास बराच वाव, आम्हांला गणित आणि विज्ञान सक्तीचे. आप्पांनी दोन्ही याद्या समोर ठेवून, 'सरकारनं भावाभावांच्या वाटण्या करून टाकल्या' असे म्हटल्याचे आठवते. शिक्षकही गोंधळलेले असत. तासाला येण्यापूर्वी आमचे गणिताचे गुरुजी स्वतः शिक्षक-खोलीत नवे पुस्तक सोडवीत बसलेले आम्ही खिडकीतून पाहिले आहे. साठीच्या उंबरठ्यावरील त्या माणसाने लाज न बाळगता पुन्हा विद्यार्थी व्हावे, याचे मोल तेव्हा आम्हांस कळले नव्हते. उलट आम्ही हसलो होतो.

निकाल जूनमध्ये लागला. दोन्ही भाऊ उत्तीर्ण. पेढ्यांचा पुडा मात्र एकच आला. अण्णांना माझ्यापेक्षा अधिक टक्के होते. त्यांना पी. डी. कॉमर्सला, म्हणजे पूर्व-पदवी वर्गाला, लगेच प्रवेश मिळाला असता आणि चार वर्षांत ते बी. कॉम. झाले असते. माझ्यापुढे मात्र अकरावी-बारावीची दोन नवी वर्षे होती, ज्यांचे पुढे काय होणार हे कोणीच सांगू शकत नव्हते. बारावीची पहिली परीक्षा होण्यास अजून दोन वर्षांचा अवकाश होता. हिशेबाने पाहिले तर शिकायला अण्णांनी जायला हवे होते.

परंतु त्याच वर्षी आप्पांचे भागीदार वेगळे झाले होते आणि पेढीवर विश्वासाचे माणूस तातडीने हवे होते. पंधरा वर्षांचा मुलगा गादीवर शोभणार नाही, सतराव्या वर्षात असलेला शोभेल, एवढ्या एका कारणावर निर्णय झाला. रात्री जेवणे उरकल्यावर आप्पा म्हणाले, "अण्णा, उद्यापासून तू माझ्याबरोबर चल. हा जाईल कॉलेजला." अण्णा "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर नेसले नाही, शाळेचीच पांढरी पँट घातली आणि ते आप्पांच्या मागून चालू लागले. देशात आणीबाणी जाहीर झाली ती त्याच जूनच्या २५ तारखेस. आमच्या घरात त्या महिन्याची ओळख मात्र 'अण्णा पेढीवर बसले तो महिना' अशीच राहिली.

मी चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयात गेलो, पुढे शिवाजी विद्यापीठाचा एम. कॉम. झालो आणि बँकेत लागलो. माझ्या फीचे पैसे पेढीच्या रोजमेळात अण्णांच्या अक्षरात नावे पडलेले आहेत. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. 'घरखर्च' या खात्यात नव्हे, 'शिक्षण' असे वेगळे खाते उघडून अण्णांनी ते लिहिले आहेत. एका व्यक्तीसाठी एक खाते, आणि सात वर्षांनी ते बंद केल्याची तिरपी रेघ.

मेळाव्याकडे येतो. ज्यांनी असे मेळावे भरवले आहेत त्यांना ठाऊक असेल, की खरे काम सभागृहाचे नसते, यादीचे असते. शाळेने जुने हजेरीपट काढून दिले. मुलांचा शोध फारसा अवघड गेला नाही. पेढी तीच, आडनाव तेच, फार तर गाव बदललेले. एकाला दूरध्वनी केला की तो तिघांचा पत्ता देई. मुलींच्या बाबतीत मात्र यादी अडली. हजेरीपटावर माहेरचे नाव. लग्नानंतर आडनाव बदललेले, अनेकींचे तर पहिले नावही. ज्यांची माहेरे सांगलीतून उठून गेली, त्यांचा धागाच तुटला होता. आमच्या दोन्ही वर्गांतील निम्म्याहून अधिक मुली आम्हांस सापडल्या नाहीत. मुले मात्र जवळजवळ सगळी सापडली, त्यात दिवंगत झालेलेही आले. यादी तयार करणारा आमचा मित्र सनदी लेखापाल आहे. तो म्हणाला, "ताळेबंद जुळत नाही म्हणजे कुठंतरी नोंदच झालेली नाही."

यात कोणाचे वैगुण्य काढण्याचा हेतू नाही. काळ तसा होता. १९७५ साली मुलीच्या विवाहाचे कायदेशीर किमान वय पंधरा वर्षे होते. ते अठरा झाले १९७८ साली. दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडणारी मुलगी कायद्याच्या दृष्टीने तेव्हा विवाहयोग्य होती, आणि आपल्या समाजातील चांगल्या, धर्मशील घरांतूनही त्याप्रमाणेच घडत असे. आमच्या वर्गात गणितात सतत पहिली येणारी जी मुलगी होती, तिचे लग्न निकालापूर्वीच, मे महिन्यात झाले. तिची गुणपत्रिका तिचा भाऊ घेऊन गेला.

ती यंदा सापडली. सीमेपलीकडच्या एका गावी तिचे सासर. धान्याची पेढी. सकाळच्या सत्रात प्रत्येकाने दोन मिनिटे बोलायचे होते. बहुतेक पुरुषांनी पाच-सात मिनिटे घेतली आणि पदे, बदल्या, परदेशातील मुले असे सर्व सांगितले. या बाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "माझं एकोणपन्नास वर्षांत दहावीचं सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही. सासऱ्यांचे डोळे गेले तेव्हा वही मात्र माझ्याकडं दिली. चाळीस वर्षं रोजमेळ मी लिहिला. पेढीवर बसले नाही, घरात बसून लिहिला. सही मालकांची." एवढे बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मग सर्वांत आधी टाळी वाजवली ती अण्णांनी.

दुपारी जेवणाची पंगत होती. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय वेगळी करावी लागेल अशी चिंता संयोजकांनी वाहिली होती, परंतु सर्वांनी एकच स्वयंपाक करायचे ठरवले आणि कोणाची तक्रार आली नाही. शिक्षकांपैकी तिघे हयात आहेत. दोघे येऊ शकले. नव्वदी पार केलेल्या गुरुजींनी हजेरी घेण्याचा आग्रह धरला आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच क्रमाने नावे वाचली. जे गेले त्यांच्या नावापाशी कोणीतरी हळूच 'नाही' म्हणे. सापडल्या नाहीत त्यांच्या नावापाशी काय म्हणावे हे ठरले नव्हते. पहिल्या अशा नावाला सभागृह गप्प राहिले. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिले, "गैरहजर," असे स्वतःच म्हटले आणि पुढे गेले. त्यानंतर आम्हीही तसेच म्हणत राहिलो.

दुपारनंतर ज्यांना शक्य होते ते हरिपूरला गेलो. सांगलीहून थोड्याच अंतरावर कृष्णा-वारणेचा संगम आहे, काठी संगमेश्वराचे मंदिर. चिंचेच्या झाडांमधून जाणारा हा रस्ता आमच्या पिढीचा सायकलींचा रस्ता होता. झाडे विरळ झाली आहेत, दोन्ही बाजूंना घरे दाटली आहेत. तरी काही जुने बुंधे अजून उभे आहेत. हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव. म्हाताऱ्याशी लावून दिल्या जाणाऱ्या अल्पवयीन मुलीची कथा सांगणारे त्यांचे 'शारदा' नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. शाळेत आमच्या स्नेहसंमेलनात त्यातील प्रवेश झाला होता. शारदेचे काम ज्या मुलीने केले, ती यंदा सापडली नाही.

हरिपूरची दुसरी ओळख म्हणजे हळदीची पेवे. नव्या पिढीस हा शब्दही परका वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पेव म्हणजे जमिनीखालील कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, आत गेल्यावर रुंद होत जाणारा खोल खड्डा. तळाला आणि कडेने उसाच्या पाल्याचा आणि चटयांचा थर द्यायचा, शेकडो पोती हळद ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. येथील माती घट्ट, ओल आत न येऊ देणारी. त्यामुळे हळद अनेक वर्षे कीड न लागता राही, रंगही खुलत असे. पेव उघडल्यावर लगेच उतरायचे नसते. आतील हवा प्राणघातक असते. तोंड उघडे ठेवून काही तास थांबायचे, मगच हमाल खाली जाई. भाव पडला की माल पेवात, चढला की बाहेर, असा हा भूमिगत व्यापार पिढ्यानपिढ्या चालला. बँकेत असताना मालाच्या तारणावर कर्जे देण्याची प्रकरणे मी पुष्कळ हाताळली. गोदामातील पोती मोजता येतात. बंद पेवात किती माल आहे, हे मालकाच्या शब्दावर आणि एका चिठ्ठीवर मानावे लागे. तो शब्द खोटा ठरल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

२००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपूर आणि सांगलवाडीच्या पेवांत शिरले. बहुतेक पेवे निकामी झाली. पुन्हा २०१९ साली आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. तोवर हळद शीतगृहांत गेली होती.

अण्णांचा माल २००५ साली तीन पेवांत होता. काही आपला, काही गिऱ्हाइकांचा. त्या दिवसांत मी दुसऱ्या राज्यात शाखाधिकारी होतो आणि दूरध्वनी लागत नव्हते. पाणी ओसरल्यावर पेवे उघडली तेव्हा हळदीचा चिखल झाला होता आणि कुबट वास पेठेपर्यंत येत होता, असे वहिनींनी नंतर सांगितले. गिऱ्हाइकांचे पैसे अण्णांनी चार वर्षांत फेडले. कायद्याने ते देणे होते की नव्हते यावर वकिलांचे दोन मत होते. अण्णांनी वकिलांना विचारले ते फेडून झाल्यावर, केवळ कुतूहल म्हणून.

ज्या जागी ती पेवे होती तेथे आता कोणाचे तरी घर आहे. अण्णा फाटकाबाहेर उभे राहून, कोणते पेव कोठे होते ते पावलांनी मोजून दाखवू लागले. अभियंता मित्राने विचारले, "अण्णा, तुम्हांला कधी वाटलं नाही का, की पी. डी.ला जायला हवं होतं?" असे प्रश्न आपण एकमेकांना पन्नास वर्षे विचारत नाही आणि मग एखाद्या रस्त्यावर विचारून बसतो. मी पुढे चालू लागलो, परंतु उत्तर कानावर आलेच.

"वाटलं की," अण्णा म्हणाले. "पहिली दोन वर्षं रोज वाटलं. हा घरी येऊन अकाउंटन्सीची पुस्तकं उघडायचा, आणि मी रात्री ती वाचायचो. हा झोपल्यावर. ह्याच्या पुस्तकात एक उदाहरण चुकीचं छापलेलं होतं, भागीदारीच्या नफ्याचं. मी पेन्सिलीनं कडेला दुरुस्त केलं. ह्यानं परीक्षेत तसंच सोडवलं असणार."

मी खरोखर तसेच सोडवले होते. ती पेन्सिलीची दुरुस्ती माझीच आहे, असे मी आजवर समजत होतो. अण्णांचे आणि माझे अक्षर सारखे आहे. दोघांनाही एकाच गुरुजींनी वळण लावले.

मेळाव्यात निधी जमला होता. शाळेच्या आताच्या मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी होत चालल्या आहेत, म्हणून भिंतीवरील मोठा पडदा आणि संगणक द्यावा असा बहुमताचा कल होता. रोजमेळ लिहिणाऱ्या बाईंनी हात वर करून विचारले, की दहावीनंतर शाळा सोडणाऱ्या मुली अजून आहेत काय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आहेत. लांबच्या गावांतून येणाऱ्या, बसचा आणि वसतिगृहाचा खर्च न झेपणाऱ्या. निधीच्या व्याजातून अशा मुलींची अकरावी-बारावीची दोन वर्षे चालवावीत, असा ठराव झाला. पडदा पुढच्या वर्षी पाहू. मुदत ठेवीचे काम माझ्याकडे आले, हे सांगायला नकोच. खाते कोणत्या नावाने उघडावे यावर चर्चा लांबली. थोर व्यक्तींची नावे सुचवली गेली. शेवटी अण्णा म्हणाले, "नाव कशाला? 'शिक्षण' एवढंच लिहा."

परतताना संगमावर थोडा वेळ थांबलो. नदीला पाणी कमी होते, दोन्ही प्रवाह वेगळे ओळखू येत होते. रोजमेळ लिहिणाऱ्या बाई आणि अण्णा घाटाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी अण्णांना यंदाच्या राजापुरीचा सौद्यातला भाव विचारला. अण्णांनी सांगितला.

"अडत धरून?"

"अडत, हमाली सगळं धरून."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले, ओठ हलले, आणि त्यांच्या गावी पोचेपर्यंत किलोला काय पडेल तो आकडा सांगितला. अण्णांनी मान डोलावली. मी खिशातून दूरध्वनी काढून त्यावर तोच हिशेब करीत होतो. माझा व्हायचा होता. सूर्यास्तापूर्वी जेवायचे असल्याने वहिनींचा निरोप आला आणि सर्व जण उठले.